मासळीनं काठ सोडला

"उचल!" भागरता ओरडली. आम्ही दोघींनी एका दमात लुगडं पाण्यातून वर घेतलं. पाणी गळून गेलं आणि मागं राहिलं काय, तर मूठभर गाळ, सडका पाला आणि एक खेकडा. तोसुद्धा रागावलेला.

"घे, तुहा सासरा आला भेटाले," मी म्हणाले.

"माहा सासरा बरा होता बापा याच्यापरीस," भागरता म्हणाली. एरवी अशा बोलण्यावर ती पोट धरून हसायची. त्या दिवशी खेकड्याकडे नुसती बघत राहिली. मग त्याला दोन बोटांत धरून पाण्यात सोडून दिला आणि लुगड्याचं आपल्या बाजूचं टोक पिळायला लागली.

आमच्या गावात तलावाची वाटणी कुणी कागदावर केली नव्हती, पण लहान पोरालाही ठाऊक होती. खोल पाणी पुरुषांचं, काठ बायांचा. पुरुष डोंग्यात बसून मधात जायचे, जाळी टाकायचे, मोठी मासळी आणायचे. आम्ही ढिवरांच्या बाया कमरेएवढ्या पाण्यात उतरायचो. जुनं नऊवारी लुगडं दोघींनी दोन बाजूंनी ताणून धरायचं, काठाकाठानं ओढत न्यायचं आणि झपकन उचलायचं. त्यात बोटाएवढी बारकी मासळी यायची, झिंगे यायचे. ते वाळवायचं, बाजारात न्यायचं. बायांच्या हातातली मिळकत म्हणाल तर तीच.

लुगड्याला दोघी लागतात. एकटीनं ओढायला गेलं तर ते पायांत गुंडाळतं आणि आपणच मासळीसारख्या आडव्या पडतो. म्हणून प्रत्येक बाईची जोडीण ठरलेली. माझी जोडीण भागरता. तिचं आणि माझं जेवढं भांडण व्हायचं तेवढं नवरा-बायकोचंही होत नसेल. ती म्हणायची, मी पाय जोरात टाकते, मासळी पळते. मी म्हणायची, तुझं तोंडच एवढं चालतं की मासळी बहिरी होऊन मरत असेल.

खरं म्हणजे मला भांडायला दुसरं होतं कोण? नवरा रायपूरला कामाला जातो म्हणून गेला तो तिकडचाच झाला. तिथं त्याला दुसरी भेटली असं लोक सांगायचे. मी काही बघायला गेले नाही. मूलबाळ झालं नव्हतं. सासू होती तोवर घरात कुणी खोकायचं तरी. ती गेली आणि घर असं गपगार झालं की मी भांडी मुद्दाम आपटायला लागले. सकाळी भागरतानं दारात येऊन हाक मारली की मग माझा दिवस उजाडायचा.

"नरेश आला होता काल," लुगडं पिळता पिळता ती म्हणाली.

नरेश तिचा एकुलता एक मुलगा. नागपूरला ऑटो चालवायचा.

"काय म्हणे?"

"म्हणे, चाल आता. सून कामाले जाते, पोरगा शेजारणीपाशी रायते. म्हणे, त्या चिखलात काय करतेस तू?"

"मंग?"

"मंडई झाल्यावर सांगीन म्हटलं." तिनं लुगड्याची घडी माझ्या हातात दिली. "मासळी असती त गोष्ट येगळी होती, फुलवंते. पण इथं आता काय हाये?"

दिवाळी होऊन गेली होती. आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आठवड्यावर आली होती. मी तेवढंच धरून बसले: मासळी असती तर गोष्ट वेगळी होती. म्हणजे मासळी आली की भागरता राहणार.

आता ही मासळी गेली कुठं, तर त्याला आम्हीच कारण. हसू नका.

आमच्या तलावात पूर्वी हाताएवढी मरळ असायची म्हणे. माझ्या लग्नाच्या वेळेस ती जवळजवळ नव्हतीच. मरळीचं असं असतं की पिल्लं झाली की त्यांचा लाल घोळका पाण्यावर तरंगत फिरतो, आणि मायबाप खाली पहाऱ्याला. काही झालं तरी ते घोळक्याला सोडून जात नाहीत. मग काय, टवाळ पोरं घोळका बघायची आणि त्याच्याखाली बरची मारायची. मायबाप गेले की पिल्लं दिवसभरात दुसऱ्यांच्या पोटात. अशानं मरळ संपली. त्यात बेशरमाच्या झुडपांनी सगळा काठ खाल्ला.

मग मच्छीमार संस्थेनं ठरवलं, बेशरम उपटायचं, तलावातली जुनी गवतं पुन्हा लावायची आणि मरळीला कुणी हात लावायचा नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं तेव्हा ते काम केलं कुणी? आम्ही बायांनी. भागरता आणि मी सगळ्यांच्या पुढे. बेशरम उपटून उपटून तळहात सोलले. चिखलात देवधानाचं गवत लावलं, कमळाचे कांदे पुरले. दोन पावसाळे गेले आणि काठ असा हिरवागार झाला की बघत राहावं.

पहिला लाल घोळका आम्ही दोघींनीच पाहिला. भागरतानं माझा दंड दाबला आणि हळूच म्हणाली, "थांब. माय खालीच हाये." काळी पाठ दिसली, लांबलचक. आम्ही त्या बाजूला लुगडं टाकलं नाही, लांबून वळसा घेतला. भागरता मात्र सारखी मागं वळून बघत होती.

मरळ वाढली. पुरुष खूश, संस्था खूश. आणि आमच्या लुगड्यात मासळी कमी व्हायला लागली. आधी अर्धी टोपली, मग पसाभर, मग खेकडा. बाकीच्या बाया धान कापायला जायला लागल्या, काही वीटभट्टीवर गेल्या. काठावर उरलो आम्ही दोघी. एक मी आणि एक नागपूरला बोलावणं आलेली.

दुसऱ्या दिवशी मी तरातरा तलावाच्या पारीवर, बांधावर गेले. इस्तारीभाऊ, संस्थेचे अध्यक्ष, डोंगा काठाला लावून जाळं झटकत बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण मला राग आला की समोर कोण आहे ते दिसत नाही.

"भाऊ, तुमच्या मरळीनं आमची सारी मासळी गिळली. आमचं पोट कशावर भरायचं ते सांगा."

"माही मरळ?" ते हसले. "गवत तं तूच लावलं न व."

"चूक झाली. उद्या उपटून टाकतो सारं!"

"गप व. मासळी गिळली नाई कोणी. खाल्ली असंल थोडी. हे पाह्य." त्यांनी जाळं वर धरलं. जाळ्याच्या घरांत जागोजागी बारकी मासळी अडकलेली. माझीच. म्हणजे आमचीच. "मोठी सोडून हीच येऊन ऱ्हायली. झटकता झटकता खांदे गेले माहे."

"हे कोठची?"

"मधातली. काठाच्या गवतात मरळ बसली हाये तोंड वासून. बारकी काय पागल हाये तिथं राहाले? जीव घेऊन मधात पळाली, मोकळ्या पाण्यात. तिथं मरळ जास्त येत नाई."

मी तिथंच मटकन बसले. मासळी होती! नुसती जागा बदलून बसली होती. भागरताला सांगायला मी उठणार, तेवढ्यात ध्यानात आलं. मधात म्हणजे डोंगा आणि डोंगा म्हणजे पुरुष.

"मंग आमाले एक डोंगा द्या," मी म्हणाले.

तिथं बसलेले दोघं-तिघं खदखदा हसले. इस्तारीभाऊ हसले नाहीत. म्हणाले, "बाईचा पाय डोंग्याले लागला त तलाव रुसते. माह्या आजाच्या टायमापासून कोणी बाई चढली नाई. मी कसा देऊ? तुले पायजे तं हे जाळ्यातली बारकी रोज घेऊन जा. आमाले त झटकाचीच हाये."

"झटकलेलं कुत्र्याले घालतात, भाऊ," मी म्हणाले आणि उठले.

भागरताला सांगितलं तर तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. "अवो माय! डोंग्यात? तुह्या डोक्यात फरक पडला का व?"

"मासळी हाये तिथं. तूच म्हणाली न, मासळी असती त गोष्ट येगळी."

तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मिटलं. "खोल पाणी पाहून माहे पाय कापतात," एवढंच म्हणाली. "अन् तूबी काही करू नको. माही शपथ हाये तुले."

शपथ वगैरे मी कुणाची मानत नाही. मंडईच्या दिवशी गाव रिकामं झालं. पोरं नव्या कपड्यांत, बाया नटूनथटून, सगळे मैदानाकडे. भागरता दाराशी आली, "चाल." मी म्हटलं पोटात दुखतं. ती गेली. मी सासूचं लुगडं काढलं, तेच ते आमचं मासळीचं, आणि मधोमध टरकन फाडलं. दोन बांबूच्या कमच्या फुलीसारख्या बांधल्या, अर्ध्या लुगड्याचे चार कोपरे चार टोकांना आवळले. वर दोरी. झाला पाळणा. पाण्यात सोडायचा, वर कोंड्याची गोळी टाकायची, मासळी जमली की ओढून घ्यायचा. हे माझ्या डोक्यात आधी का आलं नाही, तर काठावर त्याची गरजच नव्हती.

काठाला लावलेल्या एका डोंग्यात चढण्याआधी मी पाय धुतले. डोंग्याला हात लावून तो कपाळाला लावला. म्हटलं, रुसायचं असेल तर माझ्यावर रुस, तलावावर नको. मग चढले आणि तो असा डुगडुगला की माझ्या तोंडून थेट आईची हाक निघाली. वल्हं मारलं तर डोंगा जागच्या जागी गोल फिरला. मला रागही आला आणि हसूही आलं. पुरुषांना बघून वाटायचं, हे काय, लोणी कापल्यासारखं जातात! हळूहळू कळलं की एकदा इकडून मारायचं, एकदा तिकडून. घामानं निथळत मी एकदाची मधात आले.

तिथून मी आमचं गाव पहिल्यांदा पाहिलं. एवढंसं. घरं, चिंच, शाळेचं पत्र्याचं छप्पर. मंडईतला ढोल लांबून ऐकू येत होता, काठावर मात्र चिटपाखरू नव्हतं. चहूकडे पाणी आणि मधात मी. नवरा गेला तेव्हा मी रडले नव्हते, सासू गेली तेव्हाही चार लोकांसमोर तेवढंच. तिथं डोंग्यात बसून मला असा हुंदका आला की डोंगाही हलला. भागरता गेली तर हे असंच राहणार, रोज, मरेपर्यंत. मग मी स्वतःलाच म्हणाले, "फुलवंते, मासळीले आली का रडाले आली?" आणि पाळणा पाण्यात सोडला.

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा चार झिंगे. तिसऱ्यांदा मी कोंडा जास्त टाकला, घटकाभर श्वास धरून बसले आणि ओढला, तर पाळणा जड लागला. वर आला तेव्हा त्यात नुसती चांदी उसळत होती. आणि मासळी केवढी! काठाला यायची ती काडीसारखी असायची, ही बोटभर जाड, पोटं फुगलेली. मरळीनं खाल्ली ती खाल्ली, पण जी उरली तिला आता खायला भरपूर झालं होतं. मी एकटीच ओरडायला लागले. टोपली भरली, मग पदरात घेतली.

परत येताना पाहिलं तर काठावर कुणीतरी उभं. गुडघाभर पाण्यात, नव्या पातळासकट. भागरता.

"मेले! बिनडोके! मुडदा बशिवला तुहा!" ती रडत होती आणि शिव्या देत होती. "अर्ध्या रस्त्यातून फिरली मी. म्हटलं हिच्या पोटात नाई दुखत, डोक्यात दुखते! बुडली असती त मी काय केलं असतं व?"

मी डोंगा काठाला ठोकला, उडी मारली आणि टोपली तिच्यापुढं ठेवली. तिनं डोळे पुसले, टोपलीत हात घातला. मासळी तिच्या बोटांतून सळसळली.

"अगं माय," ती म्हणाली. "ही आपली बारकी?"

"आपलीच! म्हटलं होतं न? पळून नाई गेली, मधात जाऊन बसली. आता सांग नरेशले, माहं इथं पोट भरते म्हणून!"

ती खाली बसली. पाळणा उलटसुलट करून पाहिला, गाठी चाचपल्या. "लुगडं फाडलं?"

"अर्धंच लागलं," मी म्हणाले. मला तेव्हा काय झालं होतं कोण जाणे, छाती नुसती फुगली होती. "एकटीले अर्धं पुरते!"

"एकटीनंच केलं? वल्हंबी? ओढलंबी?"

"एकटीनं! कोण होतं दुसरं? कोणाची गरजबी नाई पडली!"

भागरताचा चेहरा असा सैल झाला, डोक्यावरचा भारा कुणी उतरवून घेतल्यावर होतो तसा. ती हसली. किती दिवसांनी हसली.

"चांगलं झालं व," ती म्हणाली. "लय चांगलं झालं. मले तुहीच काळजी होती."

"माही कायची काळजी?"

"नरेश काही आजच नाई बोलावत, फुलवंते. पोरगा झाला तवापासून बोलावून ऱ्हायला. नातू चालाले लागला, बोलाले लागला, मी दोन वेळा पाहून आली फक्त. दर वेळेस नाई म्हटलं त्याले. म्हटलं, मी गेली त फुलवंताच्या लुगड्याचं दुसरं टोक कोण धरन? बाकी बायांच्या जोड्या ठरलेल्या. ही एकटी काय करन, काय खाईन?" तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मासळी गेली तवा वाटलं, आता ही दुसरं काम धरन, आता सुटली मी. पण तू काठ सोडाले तयार नाई. तुले सोडून कशी जाऊ? आता मले फिकीर नाई. आता मी सुखानं जाईन."

मी तिच्या हाताकडे बघत होते. त्यावर मासळीचे खवले चिकटले होते. तेव्हाच म्हणायला हवं होतं, की नाही जमत गं एकटीला, डोंगा गोल फिरतो, मधात मी रडत होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिचा चेहरा एवढा मोकळा झाला होता की कसं म्हणणार?

"जा न मंग," मी म्हणाले. "मी काय धरून ठेवलं का तुले?"

मंडईनंतर चार दिवसांनी ती गेली. त्याआधी डोंग्यावरून गावात बोंब झाली, सभा बसली, इस्तारीभाऊंनी मला समोर उभं केलं. तलाव काही रुसला नव्हता, तेव्हा त्यांनाही फार बोलता येईना. भागरता भर सभेत उठून माझ्यासाठी भांडली. म्हणाली, "हे एकटी बाई हाये, हिले डोंगा द्याच लागन." एवढं बोलली, एवढं बोलली की शेवटी संस्थेचा एक जुना डोंगा मला मिळाला. ते काम उरकलं आणि तिनं गाठोडं बांधलं. मी तिला बसपर्यंत पोचवायला गेले. दोघींनी गाठोडं दोन बाजूंनी धरलं होतं. बसमध्ये चढल्यावर ती खिडकीतून काहीबाही सांगत राहिली, सुकवलेली मासळी डब्यात ठेव, रात्री दाराला आडणा लाव. मी तिला म्हटलं, तोंड आत घे, झाडाची फांदी लागेल.

आता बायांचे पाच डोंगे आहेत तलावात. नव्या सुना हसत-खिदळत मधात जातात. एकेका डोंग्यात एकेक. पाळणे नायलॉनचे झाले. मरळही आहे, बारकीही आहे, दोघींचं आपापल्या जागी बरं चाललंय. भागरताचा नातू यंदा बारावीला बसला. तिचे गुडघे गेले, त्यामुळं तिला इकडं येता येत नाही. मी नागपूरला दोनदा जाऊन आले. त्या घरात मला कुठं बसावं ते कळत नाही.

तिचा फोन येतो. नातवाचं सांगते, सुनेचं सांगते, मग आवाज हळू करून दर वेळेस विचारते, "फुलवंते, एकटीले जमते न व?"

"जमते," मी म्हणते. "न जमाले काय झालं?"